चाके जोडलेली बरी की सुटी?

भोरच्या एस.टी. स्थानकाबाहेर प्रवाशांची वाट पाहत उभी असलेली जीप आणि तिच्या शेजारची तीनचाकी ऑटोरिक्षा, या दोघींपैकी स्पोर्ट्स मोटारीशी जवळचे नाते कोणाचे? ‘अर्थात जीपचे’ असेच बहुतेकजण म्हणतील. पण वाकून दोन्ही वाहनांच्या पोटाखाली पाहिले, तर निदान मागच्या चाकांपुरते तरी उत्तर उलटे येते. (वाहन उभे, इंजिन बंद आणि चालकाची परवानगी, या तीन गोष्टी असल्याखेरीज मात्र वाकू नये.)

जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक जाड पोलादी नळी आडवी गेलेली दिसते. तिच्या मधोमध एक फुगीर पेटी असते. या पेटीत डिफरेन्शियल असतो. म्हणजे वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त फेरे घेऊ देणारी दातेरी चक्रांची रचना. नळी, पेटी, आतले दांडे आणि दोन्ही चाके मिळून जणू एकच वस्तू होते. हा झाला अखंड आस. बैलगाडीच्या आसाचाच तो वंशज. फक्त तो पोलादी पाट्यांना बांधलेला असतो आणि बैलांऐवजी इंजिन त्याची चाके फिरवते.

मागे इंजिन असलेली रिक्षा बजाज कंपनीने १९७७ मध्ये आणली. तिच्याखाली असा आडवा आस शोधूनही सापडत नाही. इंजिन आणि डिफरेन्शियल गाडीच्या सांगाड्यावरच बसवलेले असतात. तेथून दोन आखूड दांडे सांध्यांमार्फत चाकांना फिरवतात. प्रत्येक चाक आपापल्या लोखंडी हाताच्या टोकाला असते आणि कोपरातून हात हलवावा तसे ते वरखाली होते. डावे चाक खड्ड्यात गेले तरी उजवे सरळच राहते. यालाच स्वतंत्र सस्पेन्शन म्हणतात. ब्रिटनच्या जग्वार ई-टाइपने १९६१ मध्ये आणि अमेरिकेच्या कॉर्व्हेट स्टिंग रेने १९६३ मध्ये ज्या मागील सस्पेन्शनमुळे नाव मिळवले, त्यांची घडण रिक्षाहून पुष्कळ वेगळी होती. पण मूळ तत्त्व हेच.

मग वेगवान मोटारींना हे तत्त्व इतके प्रिय का? याचे उत्तर ‘स्प्रिंगखालच्या वजनात’ आहे. स्प्रिंगच्या वर असलेला गाडीचा भाग सुखाने तरंगतो. स्प्रिंगच्या खालच्या वस्तूंना मात्र रस्त्याचा प्रत्येक चढउतार मोजावा लागतो. अखंड आसात जड डिफरेन्शियलही स्प्रिंगखाली येतो. स्वतंत्र रचनेत तो वर, सांगाड्यावर जातो. ई-टाइपच्या अभियंत्यांनी तर मागचे ब्रेकसुद्धा चाकांजवळून काढून डिफरेन्शियलशेजारी नेले होते!

आपण एक हिशेब करून पाहू. पाबे घाटातून वेल्ह्याकडे जाताना रस्त्यावर ५ सेंटिमीटर उंच आणि २ मीटर लांब असा गुळगुळीत उंचवटा आडवा लागला असे धरा. त्याची कड ज्या-वक्रासारखी आहे. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर माथ्यावरून खाली उतरताना रस्त्याला चिकटून राहण्यासाठी चाकाला खालच्या दिशेने सुमारे ७ ग इतके त्वरण हवे (ग म्हणजे गुरुत्वत्वरण). एका चाकाच्या वाट्याचे स्प्रिंगखालचे वजन स्वतंत्र रचनेत ४० आणि अखंड आसात ८० किलोग्रॅम माना. म्हणजे पहिल्याला २८० आणि दुसऱ्याला ५६० किलोग्रॅमभार एवढे बल लागेल. ते देणार कोण? स्प्रिंग आणि चाकाचे स्वतःचे वजन. स्प्रिंगवर एरवी ३०० किलोग्रॅम भार आहे आणि माथ्यावर ती दबल्यामुळे आणखी १०० ची भर पडते, असे समजा. शॉक ॲब्सॉर्बरचा परिणाम सोडून दिला, तर हलक्या चाकाला ४४० मिळतात, हवे असतात २८०. ते रस्ता सोडत नाही. जड चाकाला ४८० मिळतात, हवे असतात ५६०. ते हवेत उडते!

आता हेच वळणावर घडले तर? हवेतल्या टायरला घर्षण नाही, म्हणून गाडीला वळणावर धरून ठेवणारे बलही नाही. मागची बाजू बाहेर घसरते. बाहेर घाटाचा कठडा असेल किंवा नसेलही. स्वतंत्र सस्पेन्शनचा खरा उपयोग येथे आहे. बसणाऱ्याच्या पाठीला मिळणारा आराम ही वरची मिळकत.

पण हिशेब येथे थांबवला तर जीपवर अन्याय होईल. लागणारे त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग ताशी ४० किलोमीटरवर आणा. ७ ग ऐवजी सुमारे ३ ग पुरतात, जड चाकाला साधारण २५० किलोग्रॅमभार लागतो आणि तेही रस्त्यावरच राहते. राजगडाच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या वाटेवर तर ताशी दहाचा वेगही पुष्कळ झाला. तेथे आसाचे वजन नव्हे, त्याचा जोडलेपणा महत्त्वाचा ठरतो. एक चाक दगडावर चढले की आस कलतो, मधली पेटीही थोडी उचलली जाते आणि दगडापासून दूर राहते. शिवाय जीपमध्ये दहाबारा माणसे आणि तांदळाची पोती भरली म्हणून चाकांचा परस्परांशी असलेला कोन बदलत नाही. दुरुस्तीही सोपी असते: सांधे थोडे, झिजणारे भाग थोडे. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड आसांवर धावली, ती याच कारणांनी.

उलट, स्वतंत्र म्हणजे सुरक्षित असेही नाही. १९६० च्या अमेरिकन शेव्हरले कॉर्व्हेअर मोटारीत मागची चाके स्वतंत्र होती, पण प्रत्येक दांड्याला फक्त आतल्या टोकाशी सांधा होता. त्यामुळे चाक वरखाली होताना पंख्याच्या पात्यासारखे तिरपे होई आणि जोराच्या वळणावर पोटाखाली मुडपे. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये या मोटारीवर कडाडून टीका केली. त्याआधीच, १९६४ मध्ये, कंपनीने तेथे एक जादा पाटा बसवला होता आणि १९६५ च्या मोटारीत सबंध रचनाच बदलली.

फोर्ड मस्टँगची कथा तर गमतीची आहे. १९६४ पासून सुमारे पन्नास वर्षे ही नावाजलेली स्पोर्ट्स मोटार, काही खास नमुने वगळता, अखंड आसावरच धावली. सरळ रेषेत सुसाट सुटण्याच्या शर्यती खेळणारे तर त्यावर खूष होते, कारण इंजिनाने जोर लावला तरी दोन्ही टायर रस्त्यावर सपाट टेकून राहत. सर्व मस्टँगना स्वतंत्र मागील सस्पेन्शन मिळाले ते २०१५ च्या नमुन्यापासून.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने दोन्ही वाटा वापरल्या. २०११ साली चाकणहून निघालेल्या एक्सयूव्ही ५०० ची मागची चाके स्वतंत्र होती. पण २०२० ची थार मागे अखंड आस घेऊनच आली. पाटे गेले, गुंडाळी स्प्रिंगा आल्या, आस राहिला.

आणि अखंड आस म्हणजे हाडे खिळखिळी, हा समजही तपासून पाहा. पुणे–मुंबई मार्गावर ज्या व्होल्व्हो ‘शिवनेरी’ बसमध्ये प्रवासी गाढ झोपी जात, तिच्या मागच्या चाकांमध्येही अखंड आसच होता. पाट्यांच्या जागी तेथे हवेने भरलेल्या रबरी पिशव्या होत्या, एवढेच.