ब्राउझरांची वंशावळ

मधल्या सुट्टींत आमच्या शाळेच्या ओसरीवर हल्लीं जे वाद रंगतात, त्यांत क्रिकेटच्या खालोखाल मान संगणकांचा व फोनांचा आहे. कोणी क्रोमचा अभिमानी, कोणी सफारीचा, कोणी फायरफॉक्सचा. आणि ज्याच्या घरीं नुकताच नवा संगणक आला असेल, तो एजचा कैवार घेऊन उभा राहतो. अमका ब्राउझर मेमरी फार खातो, तमका निमिषार्धांत पृष्ठ उघडतो, तिसरा आपली माहिती चोरून नेतो, असे आरोप-प्रत्यारोप होतात. आणि घंटा झाली तरी कोणाचाच पराभव झालेला नसतो. करिंथ येथील मंडळींत पौलाचें व अपुल्लोसाचें नांव पुढें करून तट पडले, त्या वेळीं पौलानें त्यांस विचारलें होतें, कीं हे दोघे एकाच धन्याचे चाकर नव्हत काय? आमच्या वाग्वीरांसही थोड्या निराळ्या अर्थानें तेंच विचारावेंसें वाटतें: ज्यांच्या नांवांवरून तुम्ही भांडतां, ते ब्राउझर खरोखर निराळे आहेत काय?

हा नुसता पोरखेळ असता, तर या वार्षिकाचीं दोन-तीन पानें आम्हीं त्यासाठीं अडविलीं नसतीं. परंतु या वादांचा खर्च पुष्कळदां पालकांच्या खिशांतून निघतो. जुना फोन मंद झाला, आतां अमक्याच कंपनीचा पाहिजे, हा हट्ट घरोघर ऐकूं येतो. शिवाय धडे, परीक्षांचे निकाल, प्रवेशाचे अर्ज, वर्तमानपत्रें, हें सर्व ज्या खिडकींतून आतां पाहावें लागतें, ती खिडकी कोणी घडविली व तिच्या चाव्या कोणाच्या हातीं आहेत, हें मुलांस व पालकांस ठाऊक असणें जरूर आहे.

प्रथम ब्राउझर म्हणजे काय, तें पाहूं. दूरच्या संगणकाकडून आपल्याकडे जें येतें, तें चित्रासारखें तयार पृष्ठ नसतें. येतो तो मजकूर, आणि त्याबरोबर सूचना: हा मथळा, हा परिच्छेद, हें चित्र येथें, हीं अक्षरें तांबडीं. या सूचना वाचून पडद्यावर पृष्ठ उभें करणें हें ब्राउझरचें काम. ज्यांनीं जुना छापखाना पाहिला आहे, त्यांस हें चटकन समजेल. लेखकाचें हस्तलिखित येई, आणि जुळारी, म्हणजे कंपोझिटर, एक एक खिळा उचलून त्याचें पान बांधी. ब्राउझरच्या पोटांत असाच एक जुळारी बसलेला असतो. त्यास इंजिन म्हणतात. बाहेरचीं बटणें, रंग, चिन्ह, हें सर्व छापखान्याच्या दारावरील पाटीप्रमाणें होय. आमचे विद्यार्थी बहुधा पाट्यांवरून भांडतात. आंत जुळारी कोण, हें कोणी विचारीत नाहीं.

तें विचारण्याची एक सोपी युक्ति आहे. ब्राउझर दूरच्या संगणकाच्या दारीं गेला म्हणजे प्रथम एका ओळींत आपली ओळख सांगतो. संगणकावरील आजच्या क्रोमची ती ओळ, मधले क्रमांक व तपशील गाळून, अशी असते: "मोझिला, ॲपलवेबकिट (केएचटीएमएल, गेकोसारखें), क्रोम, सफारी." एखाद्या पाहुण्यानें दारांत उभें राहून आपलीं म्हणून सहा नांवें सांगावीं, आणि त्यांपैकीं खरें एकच असावें, असा हा प्रकार आहे. तथापि हीं नांवें उगीच आलेलीं नाहींत. त्यांत गेल्या तीस वर्षांची वंशावळ सांठविलेली आहे.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या पदार्थविज्ञानाच्या संस्थेंत मांडली. पहिला ब्राउझरही त्यांनींच १९९० सालीं लिहिला. आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही सर्व विद्या जगास विनामूल्य देऊन टाकली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनीं मोझेक नांवाचा ब्राउझर केला. मजकुराबरोबरच चित्रें दाखविणारा हा ब्राउझर सामान्य लोकांच्या हातीं पडतांच वेबचा प्रसार झपाट्यानें झाला. अँड्रीसन यांनीं पुढें जिम क्लार्क यांच्या भागींत नेटस्केप कंपनी काढली व डिसेंबर १९९४ मध्यें आपला नवा ब्राउझर बाजारांत आणला. मोझेकला गिळून टाकील असा हा राक्षस, म्हणून जपानी चित्रपटांतील गॉडझिलाचें नांव मोझेकला जोडून कंपनींतल्या मंडळींनीं त्याचें टोपणनांव पाडलें 'मोझिला'. ओळखीच्या ओळींत नेटस्केप तेंच नांव सांगे.

नेटस्केपला पडद्याच्या चौकटी पाडून पृष्ठ मांडण्याची नवी विद्या येत होती. संकेतस्थळवाल्यांनीं दारावर नियम केला, कीं जो मोझिला म्हणून सांगेल त्यास नवें सुंदर पान द्यावें, इतरांस साधें. ऑगस्ट १९९५ मध्यें मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. (तोही मोझेकच्याच कोडाचा परवाना घेऊन रचिला होता, म्हणजे भाऊबंदच!) त्यास तें सुंदर पान मिळेना. तेव्हां त्यानें आपली ओळख 'मोझिला' म्हणूनच सांगण्यास आरंभ केला, आणि आपलें खरें नांव कंसांत दडविलें. याकोबानें एसावाचीं वस्त्रें व करडांचीं कातडीं अंगावर घेऊन आंधळ्या बापाकडून वडील भावाचा आशीर्वाद मिळविला, त्याची ही आधुनिक आवृत्ति होय. तेव्हांपासून जो जो नवा ब्राउझर आला, त्यानें त्यानें हेंच केलें. आणि नेटस्केप कालवश होऊन कित्येक वर्षें लोटलीं तरी मोझिला हें नांव प्रत्येकाच्या तोंडीं राहिलें आहे.

पुढें जें झालें तें मात्र गंमतीचें नव्हे. मायक्रोसॉफ्टनें आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट दिला. घरांत आयतें पक्वान्न असतां बाजारांतून कोण आणतो? मे १९९८ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. जून २००० मध्यें कंपनीचे दोन तुकडे करावे असा हुकूम झाला. २००१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला, परंतु मक्तेदारी टिकविण्यासाठीं गैर मार्ग वापरल्याचा ठपका कायम राहिला. तोंपर्यंत नेटस्केप दुसऱ्या कंपनीच्या पदरीं गेली होती. जगांतील दहांपैकीं नऊहून अधिक लोक इंटरनेट एक्सप्लोरर वापरूं लागले; आणि २००१ सालीं त्याची सहावी आवृत्ति काढल्यावर मायक्रोसॉफ्टनें सातवी काढावयास २००६ साल उजाडूं दिलें. पांच वर्षें! ज्याला प्रतिस्पर्धी उरला नाहीं, त्यानें घाई कशासाठीं करावी?

त्या पांच वर्षांचा चटका मराठी वाचकांसही बसला आहे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें होतें. पण तिचा उपयोग सर्वत्र व्हावयास काळ लागला. तोंवर कित्येक मराठी संकेतस्थळें आपापला निराळा फाँट वापरीत. इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकार बसविलेले असत. पृष्ठाबरोबर फाँट आपोआप उतरावा म्हणून जी युक्ति बहुतेकांनीं पत्करली, ती केवळ इंटरनेट एक्सप्लोररलाच समजे. दुसऱ्या ब्राउझरानें तेंच पान उघडलें, कीं मराठी बातमीच्या जागीं रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसे. आपली मातृभाषा वाचण्यासाठीं एका परदेशी कंपनीचाच ब्राउझर पाहिजे, अशी ती स्थिति होती. शिवाय अशीं पानें शोधयंत्रांस वाचतां येत नसल्यामुळें त्या काळांतील पुष्कळ मराठी मजकूर शोधूनही सांपडत नाहीं. आमच्या मतें वादविवादांत पहिल्यानें सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. वेगाचे आंकडे मागाहून.

यांतून सुटका दोन वाटांनीं झाली. नेटस्केपनें बुडतां बुडतां मार्च १९९८ मध्यें आपला सर्व कोड जगापुढें उघडा केला. त्यांतून मोझिला प्रकल्प, गेको नांवाचें नवें इंजिन आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजीं फायरफॉक्सची पहिली आवृत्ति निघाली. दुसरी वाट कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती. केडीई या स्वयंसेवकांच्या समूहानें आपल्या लहानशा ब्राउझरसाठीं केएचटीएमएल हें इंजिन लिहिलें होतें. तें कोणीही वापरावें, मात्र इंजिनांत केलेले फेरफार इतरांसही द्यावे, अशी त्याची अट होती. ॲपलनें जानेवारी २००३ मध्यें जाहीर केलेल्या सफारीसाठीं तेंच घेतलें व वाढविलें. तें वेबकिट झालें. २००८ सालीं गूगलनें वेबकिट घेऊन क्रोम काढला, आणि २०१३ सालीं त्याची फांदी निराळी करून तिला ब्लिंक नांव दिलें. आतां क्रोमची ती ओळ पुनः वाचावी. सहाही नांवें ओळखीचीं वाटतील.

ऑपेरानें २०१३ सालीं आपलें स्वतंत्र इंजिन सोडून याच घराण्यांत प्रवेश केला. मायक्रोसॉफ्टनें डिसेंबर २०१८ मध्यें तसेंच करण्याचें जाहीर केलें व जानेवारी २०२० मध्यें नवा एज आणला. जुना इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. ज्या कंपनीनें एकदां सर्वांस घराबाहेर काढलें होतें, तिनेंच शेवटीं प्रतिस्पर्ध्याचा जुळारी आपल्या घरीं आणून बसविला. तेव्हां क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे चौघे आंतून एकच आहेत. आयफोनवर तर आणखी मौज. तेथें प्रत्येक ब्राउझरनें वेबकिटच वापरावें असा ॲपलचा नियम आहे. युरोपीय संघानें आपल्यापुरता तो २०२४ सालीं कायद्यानें सैल करविला. म्हणून आपल्याकडील आयफोनवर क्रोम जलद कीं सफारी, हा वाद एकाच स्वयंपाक्याच्या हातच्या दोन ताटांविषयीं आहे.

याचा अर्थ सर्व वाद व्यर्थ आहेत असा मात्र आम्ही म्हणत नाहीं. मेमरीचाच प्रश्न घ्या. क्रोमनें आरंभापासून निरनिराळीं पृष्ठें निरनिराळ्या कोठड्यांत ठेवण्याची पद्धत घातली, ती अशासाठीं कीं एक पृष्ठ कोसळलें तर बाकीचीं शाबूत राहावीं, आणि एका संकेतस्थळानें दुसऱ्याच्या कोठडींत डोकावूं नये. कोठड्या वाढल्या कीं जागाही अधिक लागणारच. जो मुलगा 'क्रोम मेमरी खातो' म्हणून ओरडतो, त्यानें त्या मेमरीच्या बदल्यांत काय मिळतें तेंही सांगावें. जाहिराती रोखणाऱ्या जोडण्यांविषयींचा वादही खरा आहे: २०२४ सालापासून गूगलनें जुन्या धर्तीच्या जोडण्या क्रोममध्यें बंद करण्यास आरंभ केला, फायरफॉक्सनें त्या चालूं ठेविल्या. जुन्या फोनवर पृष्ठें रेंगाळतात त्यास पुष्कळ अंशीं जाहिरातींचें ओझेंच कारण असतें, हें पालकांनीं नवा फोन घेण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येणें बंद झालें असेल, तर मात्र मुलाची मागणी रास्त समजावी.

सर्वांत खरा वाद पैशाचा आहे, आणि तो मुलांच्या तोंडून आम्हीं क्वचितच ऐकला. ब्राउझर फुकट मिळतो. मग त्याचा खर्च कोण चालवितो? सफारींत शोधासाठीं आपलेंच नांव आधीपासून लावलेलें असावें, म्हणून गूगलनें ॲपलला २०२२ या एका वर्षीं सुमारें वीस अब्ज डॉलर दिले, हें अमेरिकेंतील खटल्यांत उघड झालें. फायरफॉक्स चालविणाऱ्या मोझिलाचें बहुतेक उत्पन्नही गूगलकडूनच येतें. ऑगस्ट २०२४ मध्यें न्यायालयानें शोधाच्या धंद्यांत गूगल बेकायदेशीर मक्तेदार ठरविली. सप्टेंबर २०२५ मध्यें क्रोम विकण्याची सक्ति करण्यास मात्र नकार दिला. एवढाले पैसे कोणी उगीच देत नाहीं. फोन जसा हातीं आला तसाच बहुतेक लोक वापरतात, यावर ही सारी इमारत उभी आहे. ती निवड बदलावयाची झाल्यास फोनच्या सेटिंगमध्यें दोन मिनिटें पुरतात.

आज मोठीं इंजिनें तीनच उरलीं आहेत: ब्लिंक, वेबकिट व गेको. त्यांपैकीं एकट्या क्रोमकडे जगांतील सुमारें दोन-तृतीयांश वाचन आहे. संकेतस्थळें केवळ क्रोमवर तपासून सोडण्याची संवय पुनः पडत चालली आहे. 'हें पान क्रोममध्येंच उघडावें' अशी सूचना आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. मागच्या खेपेहून फरक एवढा, कीं या वेळीं तिन्ही इंजिनांचा कोड उघडा आहे आणि त्यांतील दोष नोंदविण्याचीं दप्तरें सर्वांस खुलीं आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांस वेग मोजण्याऐवजीं एक मराठी परीक्षा घेतां येईल. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दुसऱ्या शब्दांतील अर्धा र आपल्या भाषेस फार लागतो. संगणकांत तो दोन रीतींनीं लिहितां येतो, एक साध्या 'र'पासून व एक नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून. फाँट किंवा ब्राउझर अडाणी असला, तर त्याचा सरळ रफार होतो, आणि भूगोलाच्या पानावर सह्याद्रींत समुद्र उसळतात! निरनिराळ्या फोनांवर व निरनिराळ्या ब्राउझरांत हे दोन शब्द दोन्ही रीतींनीं उघडून पाहावे. कोठें चूक आढळल्यास त्या इंजिनाच्या दप्तरीं ती नोंदवावी. तेथें शब्द, फाँटचें नांव, ब्राउझरचा क्रमांक, आणि जसें दिसलें त्याचें व जसें दिसावयास पाहिजे होतें त्याचें चित्र, एवढें दिलें म्हणजे पुरतें. क्रमांक व ओळखीची ती लांबलचक ओळ संगणकावरील क्रोममध्यें 'क्रोम व्हर्जन' या पानावर आणि फायरफॉक्समध्यें 'अबाउट सपोर्ट' या पानावर मिळते.