विश्लेषण : मागे बसताय, तरी बेल्ट का लावायचा? आणि मोबाइलकडे ‘जरासे’ पाहिले तर काय होते?

टॅक्सीत मागे बसले की बेल्ट शोधावा लागतो. पट्टा सीट कव्हरखाली दडपलेला, बकल सीटच्या फटीत हरवलेले. आपली खटपट पाहून चालक म्हणतो, ‘मागे नाही लागत, साहेब.’ आपणही सुटल्यासारखे टेकून बसतो. शहरात एवढा वेग कुठे असतो, हा त्यामागचा समज. तो कितपत खरा आहे?

नियम काय सांगतो?
मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून चालकासह कारमधील सर्वांना सीट बेल्ट बंधनकारक करण्यात आला. मात्र ही सक्ती नवी नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या सीटवर पुढे तोंड करून बसणाऱ्यांनाही बेल्ट आवश्यक होताच. तो पाळला जात नव्हता, एवढेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बीनुसार बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल, तरीही तेवढाच.

मागच्यांना धोका कसा?
गाडी आदळून थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ५० किमी वेगाने आदळणे म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. बेल्ट नसलेला मागचा प्रवासी पुढच्या सीटवर फेकला जातो आणि बेल्ट लावून बसलेल्या पुढच्या माणसालाही चिरडू शकतो. मांडीवरच्या मुलाचेही तसेच. एवढ्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला शंभर किलोहून अधिक जोर लागतो. तो कोणत्याच आईबापाच्या हातात नसतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याशेजारी बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले. मागे बसलेल्या या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ८,३३१ प्रवासी होते, म्हणजे जवळपास निम्मे.

एअरबॅग आहे, मग बेल्ट कशाला?
एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. बेल्ट नसेल तर शरीर आधीच पुढे गेलेले असते आणि फुगणारी एअरबॅगच इजा करू शकते.

मोबाइलकडे क्षणभर पाहिले तर?
ताशी ४० किमी वेगाने गाडी तीन सेकंदांत ३३ मीटर जाते. एक मेसेज वाचायला तेवढाच वेळ लागतो. तेवढ्या अंतरात एखादा झेब्रा क्रॉसिंग सहज मागे पडतो आणि आपण तो पाहिलेलाही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोबाइल वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो. कानात हेडफोन घालून बोलणेही फारसे सुरक्षित नाही. हात मोकळे राहतात, लक्ष मात्र संभाषणात असते. हातात मोबाइल धरून गाडी चालवणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. फोनवर रस्ता पाहण्याची मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

आपण काय करू शकतो?
रस्त्याचा नकाशा निघण्याआधीच लावा, फोन स्टँडवर ठेवा. फोन घ्यायचाच असेल तर गाडी बाजूला थांबवा. बेल्टचा ‘टिंग टिंग’ आवाज बंद करणारी क्लिप वापरू नका; मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिपांची विक्री थांबवायला सांगितले होते. चालक फोनवर बोलत असेल तर संकोच न करता टोका. आणि टॅक्सीत बसल्यावर एक वाक्य म्हणा : ‘दादा, तेवढा बेल्ट काढून द्या, मग निघू.’