फॉरमॅट मारण्याआधी

सडक अर्जुनी हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरचं, गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. अशा गावात घरातला संगणक फार दिवस फक्त घरचा राहत नाही. मुलं त्यावर एमएस-सीआयटीचा सराव करतात, शेजाऱ्याचा सातबारा त्यावरून निघतो, धान विक्रीच्या नोंदणीसाठी कागद स्कॅन होतात, ओळखीतल्या लग्नपत्रिकेचा मजकूर जुळतो. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याचा पेनड्राइव्ह त्याला लागतोच.

मग एक दिवस फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागतात. किंवा ब्राउझर उघडला की जुगाराच्या जाहिराती येतात, अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे, फोटोंच्या आणि हिशेबाच्या फायलींच्या नावापुढे अनोळखी अक्षरं चिकटतात आणि सोबतच्या चिठ्ठीत खंडणी मागितलेली असते. अशा वेळी पहिला सल्ला येतो तो ‘फॉरमॅट मारून टाका’ असा. सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. पण पुसण्याआधी काय वाचवायचं आणि पुसल्यावर काय परत आत घ्यायचं नाही, हे ठरवल्याशिवाय फॉरमॅट मारला तर दोन गोष्टी होतात. घरचा ऐवज जातो आणि व्हायरस परत येतो.

पुसून पुन्हा उभं करण्याचं हे काम एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालं, त्याचा एक धागा महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागलेला आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल याच कंपनीच्या समूहाकडे होतं. तिथली संगणक यंत्रणा बंद पडली आणि कंटेनरची ये-जा खोळंबली. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं, की कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

त्या गोष्टीतला खरा धडा मात्र आफ्रिकेतल्या घानामध्ये आहे. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला कुठे प्रवेश आहे, ही मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि ते आपसात सतत जुळवून घेत. त्यामुळे ते एकदमच पुसले गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. त्याची डिस्क एका कर्मचाऱ्याने नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, ती इंग्लंडला पोचली आणि तिच्यावरून सगळं पुन्हा उभं राहिलं. भारनियमन सोसलेल्या गोंदियाच्या वाचकाला हा प्रसंग कुणी समजावून सांगायला नको. जी प्रत जाळ्याबाहेर होती, तीच कामी आली. घरातली बाहेरून जोडायची हार्ड डिस्क बारा महिने संगणकाला जोडूनच ठेवली असेल, तर खंडणीवाला व्हायरस तिच्यातल्या फायलीही कुलूपबंद करतो. प्रत घेतली की वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची.

प्रत्येक आजाराला फॉरमॅट लागतो असंही नाही. नव्वदच्या दशकात पुण्यात कैलास काटकर दुरुस्तीचं दुकान चालवत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस कंपनी तिथून उभी राहिली. शॉर्टकटचा व्हायरस, जाहिरातींचा त्रास यांवर आजही सफाई पुरते. विंडोजमधल्या डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला लपायला कमी जागा उरते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर सफाईची साधनं फुकट मिळतात. पण अँटिव्हायरस सुरूच होत नसेल, फायली बंद झाल्या असतील, किंवा कुणी लांबून संगणक चालवत असल्याचा संशय असेल, तर सफाईवर भरवसा ठेवू नये. तिथे पुसणंच बरं.

पुसायचं ठरलं की पहिली गोष्ट इंटरनेट तोडण्याची. दुसरी गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही, ती पासवर्डची. आजचे बरेच व्हायरस संगणक बिघडवायला येत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून ते व्हायरस सोडणाऱ्याकडे पाठवतात, तेही आत आल्यावर थोड्याच वेळात. नंतर डिस्क कितीही धुतली तरी गेलेला पासवर्ड परत येत नाही. म्हणून स्वच्छ मोबाईलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, मग बँक आणि बाकीची खाती घ्यावीत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार करायची असेल तर खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा आणि तोवर डिस्क पुसू नये, कारण पुरावा त्याच डिस्कवर असतो.

आता वाचवण्याचं. आजारी विंडोज चालू ठेवून कॉपी करण्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करणं. ती डिस्कवर बसवावी लागत नाही, विंडोजचे व्हायरस तिथे चालत नाहीत आणि शॉर्टकटच्या व्हायरसने लपवलेली फोल्डरंही तिच्यात दाखवता येतात. तिथून फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. डेस्कटॉप आणि डाउनलोड ही फोल्डरं विसरू नयेत. बहुतेक घरांचा ऐवज तिथेच पडलेला असतो आणि ती दोन्ही सी ड्राइव्हमध्ये असतात. प्रोग्रॅम, सेटअप आणि गेम मात्र तिथेच सोडून द्यावेत.

मराठी घराने इथे आणखी थोडं थांबावं. जुने अर्ज, ग्रामसभेचे ठराव, पत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतात. त्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या सुरेखसारख्या फॉन्टमध्ये असतात. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागा वापरतात. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. लोकांना वाटतं, व्हायरसने फाइल खाल्ली. खरं तर फाइल धड असते, फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर पुसला गेलेला असतो. म्हणून विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर आधी कॉपी करावं, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक लिहून ठेवावा, यूएसबी लॉक असेल तर तो जपावा. कायम लागणाऱ्या मजकुराची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे तो फॉन्टशिवायही वाचता येतो. सेवा केंद्राचं काम करणाऱ्यांच्या डिजिटल सहीचं टोकन आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र सुरक्षित राहतं. पण त्यांचे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतात, हे आधी माहीत असलं तर दुसऱ्या दिवशी रांगेतल्या लोकांना परत पाठवावं लागत नाही.

प्रत्यक्ष विंडोज टाकणं त्यामानाने सोपं आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवता येतं. हे काम निरोगी संगणकावर करायचं. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकमध्ये ते बसत नाही, म्हणून ब्रॉडबँड असलेलं विश्वासाचं ठिकाण गाठावं. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप यांपैकी कंपनीप्रमाणे ठरलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. बाहेरच्या सगळ्या डिस्क त्याआधी काढून ठेवायच्या, नाहीतर घाईत भलतीच डिस्क पुसली जाते. मग जुने सगळे भाग काढून रिकाम्या डिस्कवर विंडोज बसवायचं.

सगळे भाग, हे महत्त्वाचं. दुकानात बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह पुसतात आणि डी ड्राइव्ह तशीच ठेवतात. ग्राहकाला बरं वाटतं, फोटो वाचले म्हणून. पण डी ड्राइव्हमध्ये ‘सॉफ्टवेअर’ नावाचं एक फोल्डर असतं आणि आजाराचं मूळ कित्येकदा त्यातच असतं. आठवडाभराने तोच सेटअप पुन्हा चालवला जातो आणि संगणक पुन्हा दुकानात येतो.

याच कारणाने क्रॅक केलेलं विंडोज घेऊ नये. फायली बंद करणारा ‘स्टॉप’ या नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीचा व्हायरस, चोरीच्या सॉफ्टवेअरमधून आणि परवाना फसवणाऱ्या ॲक्टिव्हेटरमधून जगभर पसरला आणि त्यात घरचे संगणकच जास्त सापडले. कुलूप मोडणारा प्रोग्रॅम चालवायचा म्हणून लोक स्वतः अँटिव्हायरस बंद करतात, मग आत काय आलं ते कुणी पाहत नाही. शिवाय खऱ्या विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपला बहुधा क्रॅकची गरजच नसते. परवाना त्याच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि तीच आवृत्ती बसवून इंटरनेट जोडलं की तो ओळखला जातो. ग्राहकाने हे दुकानात ठामपणे सांगावं, तो त्याचा हक्क आहे.

जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. जी यंत्रं ती अट पुरी करत नाहीत, त्यांच्यावर टायपिंग, अभ्यास आणि इंटरनेटसाठी लिनक्स चांगलं चालतं. सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेलं ‘बॉस’ हे लिनक्सही आहे. मात्र ठसे घेण्याचं यंत्र किंवा टॅली लागत असेल तर आधी चौकशी करावी.

नव्या विंडोजवर पहिलं काम अपडेटचं. नॉटपेट्याने वापरलेल्या एका फटीचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, हल्ल्याच्या तीन महिने आधी. मग ड्रायव्हर यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. वाचवलेली डिस्क जोडून आधी स्कॅन करावी, आणि लागतील तेवढ्याच फायली परत आणाव्यात. मुलांसाठी वेगळं साधं खातं काढावं, ज्यातून प्रशासकाच्या पासवर्डशिवाय संगणकाच्या व्यवस्थेत बदल करता येत नाही. छपाईला येणाऱ्यांकडून पेनड्राइव्हऐवजी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ मागावी. पेनड्राइव्ह घ्यावाच लागला तर उघडण्याआधी तपासावा.

खंडणीच्या व्हायरसने बंद केलेल्या फायली उघडत नाहीत म्हणून काढून टाकू नयेत. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अनेक प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. गुन्हेगार पकडले गेले किंवा त्यांचे सर्व्हर हाती लागले की नव्या किल्ल्यांची भर पडते. आज न उघडणारा लग्नाचा अल्बम दोन वर्षांनी उघडू शकतो, म्हणून त्या फायली वेगळ्या डिस्कवर, नाव-तारीख लिहून, खंडणीच्या चिठ्ठीसकट ठेवाव्यात. कुठली किल्ली लागेल हे ओळखायला ती चिठ्ठीच उपयोगी पडते.