पथ्य मुक्या सोबत्याचे
ऋतू कोणताही असो, कुत्र्याची खाज थांबत नसेल, कान वारंवार चिघळत असतील, तर दोष त्याच्या नित्याच्या दूध-पोळीत वा चिकनमध्येही असू शकतो. रक्ततपासणीने अन्नाच्या ॲलर्जीचे खात्रीशीर निदान होत नाही. त्यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, पूर्वी कधीही न खाल्लेल्या पदार्थांचा आहार, उदाहरणार्थ मासे व बटाटा, किमान ८ आठवडे द्यावा लागतो. खाज शमल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे. साधारणतः २ आठवड्यांत ती उलटल्यास निदान पक्के होते. मग एकेक पदार्थ पारखून दोषी तेवढाच वर्ज्य करावा. मात्र या काळात कुणी मायेने भरवलेला बिस्किटाचा तुकडाही साऱ्या परिश्रमांवर पाणी फिरवू शकतो. पथ्य कुत्र्याचे असले, तरी संयम घरातील प्रत्येकाने पाळायचा असतो.