गुलमर्गमधील वसंतकालीन हवामान व हिमस्थिती

गुलमर्ग हे जम्मू आणि काश्मीर केंद्रशासित प्रदेशाच्या बारामुल्ला जिल्ह्यातील, पीर पंजाल पर्वतरांगेत वसलेले गिरिस्थान व भारतातील प्रमुख स्कीइंग केंद्र आहे. श्रीनगरपासून ते सुमारे ५० किमी अंतरावर आहे. मार्च व एप्रिल या महिन्यांत येथील बर्फ हिवाळ्यातील बर्फापेक्षा वेगळ्या प्रकारे वागतो. त्याचे स्वरूप उंचीनुसार, उताराच्या दिशेनुसार आणि दिवसाच्या प्रहरानुसार बदलते. पहाटे दगडासारखा कठीण असलेला उतार दुपारी गुडघाभर चिखलासारखा होऊ शकतो. या बदलाचा संबंध केवळ खेळाशी नसून हिमस्खलनाच्या धोक्याशी, स्थानिकांच्या उपजीविकेशी आणि खोऱ्यातील पाण्याशीही आहे.

भूरचना

गुलमर्गचे कुरण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मी. उंचीवरील बशीच्या आकाराचे पठार आहे. त्याच्या नैर्ऋत्येस अफरवट हा पर्वत उभा आहे. रज्जुमार्गाचा पहिला टप्पा कुरणापासून कोंगडोरीपर्यंत (सुमारे ३,०५० मी.) जातो. तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा २००५ मध्ये कार्यान्वित झाला. तो अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मी. उंचीवर पोहोचतो. येथे स्कीइंगची संघटित सुरुवात मात्र बरीच जुनी आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना येथेच केली.

कुरण आणि वरचे स्थानक यांच्या उंचीत सुमारे १,३०० मीटरांचा फरक आहे. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरमागे सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते, असे धरल्यास दोन्ही ठिकाणांच्या तापमानात सुमारे ८ अंशांचे अंतर पडते. त्यामुळे वसंतात एकाच वेळी खाली पाऊस आणि वर हिमवर्षाव होणे ही येथे नित्याची बाब आहे. नवशिक्यांचे उतार कुरणातच असल्याने बर्फ प्रथम तेथूनच नाहीसा होऊ लागतो. वरच्या भागात तो पुढेही कित्येक आठवडे टिकतो.

ऋतुमान आणि हवामान

काश्मिरी कालगणनेत कडक हिवाळ्याचे तीन भाग मानले जातात. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस ‘चिल्लई कलां’, त्यानंतरचे २० दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे १० दिवस ‘चिल्लई बच्चा’ म्हणून ओळखले जातात. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच्या ऋतूस ‘सोंथ’ म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकास वसंत म्हटले की कोरडी, तापू लागलेली हवा आठवते. काश्मीरचा वसंत तसा नसतो. मार्च हा श्रीनगरच्या सर्वाधिक पर्जन्याच्या महिन्यांपैकी एक आहे.

या पर्जन्याचे कारण म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण व अफगाणिस्तान ओलांडून येणारे हे कमी दाबाचे क्षेत्र हिमालयावर आदळते. त्यातील बाष्प पीर पंजालच्या उतारांवर बर्फ वा पाऊस होऊन पडते. हिवाळ्यात हा बर्फ कोरडा व भुसभुशीत असतो. एका घनमीटर ताज्या कोरड्या बर्फाचे वजन बहुधा ५० ते १०० किलो भरते. वसंतातील विक्षोभांबरोबर येणारी हवा अधिक उबदार असते आणि पडणारा बर्फ ओला व जड असतो. ऋतूच्या अखेरीस मुरलेल्या थराची घनता प्रति घनमीटर ४०० ते ५०० किलोपर्यंत वाढते. पर्यटकांसाठीच्या माहितीत बर्फाची खोली ठळकपणे दिलेली असते. वसंतात तेवढ्यावरून बर्फाच्या स्थितीविषयी फारसे काही कळत नाही.

दोन विक्षोभांच्या मधल्या काळात आकाश निरभ्र होते आणि तेव्हा सूर्याचा प्रभाव जाणवतो. गुलमर्ग सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ ते ३३ अंशांवर असतो, तर २१ मार्चला तो ५६ अंशांवर आणि एप्रिलअखेर सुमारे ७० अंशांवर पोहोचतो. आल्प्स पर्वताच्या ४६ अंश अक्षांशावर २१ मार्चला हीच उंची ४४ अंश असते. त्यामुळे मार्च महिन्यातील ऊन येथे आल्प्सच्या तुलनेत अधिक प्रखर असते.

बर्फाचे रूपांतर

ताजा बर्फ त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ८० ते ९० टक्के भाग परावर्तित करतो. जुना, ओला बर्फ बराच अधिक प्रकाश शोषतो. वसंतात पश्चिमेकडील शुष्क प्रदेशांतून उडून येणारी धूळ पृष्ठभागावर बसली की शोषण आणखी वाढते. म्हणजे बर्फ एकदा वितळू लागला की त्याची वितळण्याची क्षमताही वाढत जाते.

सुरुवातीस केवळ वरचा पातळ थर वितळतो. ते पाणी खाली झिरपते आणि आतील थंड थरांत पुन्हा गोठते. गोठताना प्रत्येक किलोग्रॅम पाणी सुमारे ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्णता सोडते. बर्फाची विशिष्ट उष्णता लक्षात घेता ही उष्णता जवळपास १६० किलो बर्फाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास पुरेशी असते. त्यामुळे अल्प पाण्यानेही संपूर्ण हिमथर काही दिवसांत वरपासून तळापर्यंत शून्य अंशावर येऊ शकतो. त्यानंतर मिळणाऱ्या प्रत्येक उष्णतेचा उपयोग केवळ वितळण्यासाठी होतो. हिवाळी आणि वसंतकालीन बर्फ यांतील खरी सीमारेषा दिनदर्शिकेवर नसून या अवस्थेत असते.

रात्री उलट क्रिया घडते. आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग अवरक्त प्रारणाद्वारे उष्णता अवकाशात टाकतो. हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढग असतील तर ते उष्णता परत पाठवतात व थर मऊच राहतो. म्हणून अनुभवी स्कीपटू दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा आदल्या रात्री आभाळ कसे होते, याची चौकशी आधी करतात.

वितळणे व गोठणे यांच्या पुनरावृत्तीने हिमकणांची नाजूक टोके नष्ट होऊन त्यांचे गोल, भरड दाणे बनतात. मक्याच्या दाण्यांशी असलेल्या साम्यामुळे अशा बर्फास ‘कॉर्न स्नो’ म्हणतात. रात्रभर गोठलेल्या कठीण कवचाचा वरचा एक-दोन सेंटीमीटरचा भाग उन्हाने सैल झाला की स्कीइंगसाठी उत्तम पृष्ठभाग तयार होतो. ही स्थिती थोडा वेळच टिकते. अफरवटचा रज्जुमार्गाकडील उतार प्रामुख्याने ईशान्य व पूर्व दिशांना तोंड करून असल्याने त्यावर सकाळचे ऊन लवकर येते आणि तो लवकर मऊ होतो. दुपारनंतर सावली पडताच ओला पृष्ठभाग पुन्हा खडबडीत गोठू लागतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उंच घळींत मात्र मार्चमध्येही कोरडा बर्फ सापडतो.

हिमस्खलनाचा धोका

गुलमर्ग परिसरातील मोठ्या दुर्घटना मुख्यतः हिवाळ्यातील आहेत. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग येथे लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमकडा कोसळून १७ जवानांचा मृत्यू झाला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग परिसरात रशियाचा एक स्कीपटू मरण पावला. हिवाळ्यात धोका मुख्यत्वे नव्या हिमवर्षावाच्या आणि वाऱ्याने साचवलेल्या थरांच्या भाराने निर्माण होतो. वसंतात हे कारण उरतेच. त्यात ओल्या हिमस्खलनाची भर पडते.

कणांना जोडणारे बर्फाचे बंध पाण्यामुळे विरघळतात आणि थर स्वतःचे वजन पेलू शकत नाही. उन्हाने तापलेल्या खडकांच्या आसपास अशा घसरणीची सुरुवात अनेकदा होते. उतारावरून आपोआप गडगडत येणारे बर्फाचे गोळे, पाऊल खोल रुतणे आणि रात्री बर्फ न गोठणे ही तिची पूर्वचिन्हे मानली जातात. ओले हिमस्खलन कोरड्याच्या मानाने संथ असते, परंतु ते फार जड असते आणि थांबताच काँक्रीटसारखे घट्ट होते.

पावसाविषयी एक गैरसमज रूढ आहे. पाऊस बर्फ वितळवतो म्हणून धोकादायक असतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात ५ अंश तापमानाचा १० मिमी पाऊस आपल्या उष्णतेने जेमतेम ०.६ मिमी पाण्याइतका बर्फ वितळवू शकतो. धोका असतो तो पावसाच्या वजनाचा आणि त्याने बंध सैल होण्याचा. वसंतात पाऊस पडू लागताच तीव्र उतार सोडण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळेच.

हिमस्खलनाविषयीचे इशारे चंदीगड येथील संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन आस्थापना पाच स्तरांच्या मापनश्रेणीनुसार देते. रज्जुमार्गालगतच्या नियंत्रित क्षेत्रावर गस्तीपथक लक्ष ठेवते. त्या सीमेबाहेरील घळींना असे संरक्षण नसते. जोरदार वारा किंवा मोठा हिमवर्षाव असल्यास दुसरा टप्पा बंद ठेवला जातो. एप्रिल-मेच्या सुट्यांत महाराष्ट्रासह अन्य राज्यांतून येणारे पर्यटक बर्फ पाहण्यासाठी याच टप्प्याने वर जातात. त्यांच्यापैकी बहुतेकांना दिसतो तो मुरलेला, दाणेदार वसंती बर्फच.

हंगामातील बदल

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे कुरण ऐन चिल्लई कलांत बर्फाविना राहिले; उल्लेखनीय हिमवर्षाव महिनाअखेरीस सुरू झाला. पुढील वर्षी खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धांचा २२ ते २५ फेब्रुवारी २०२५ या काळात ठरलेला टप्पा अपुऱ्या बर्फामुळे पुढे ढकलावा लागला आणि तो ९ ते १२ मार्चला पार पडला. हिवाळा कोरडा गेल्यास संपूर्ण हंगामाची भिस्त उशिरा येणाऱ्या विक्षोभांवर राहते. स्कीइंग मार्गदर्शक आणि पर्यटकांना घसरगाडीवरून फिरवणारे कामगार यांची वर्षाची कमाई काही आठवड्यांच्या ओल्या, लवकर वितळणाऱ्या बर्फावर अवलंबून राहते. उशिराचा बर्फ मुरण्यास पुरेसा थंड काळ मिळत नसल्याने तो टिकतही कमी.

जलस्रोत

अफरवटवरील बर्फ व अलपथर सरोवर यांच्या पाण्यातून निंगली नाला वाहतो आणि सोपोरजवळ झेलम नदीस मिळतो. पीर पंजालच्या या उतारांवरून उतरणाऱ्या ओढ्यांचे पाणी खालच्या भागातील फळबागा व जूनमधील भातलावणी यांस उपयोगी पडते. अलपथरचे पाणी अनेकदा जूनपर्यंत गोठलेले असते. त्या वेळी खालचे कुरण रानफुलांनी भरलेले असते.