बीटच्या शेतातून पहिल्या क्रमांकावर

२९ ऑक्टोबर १९६६ च्या ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ‘९६ टिअर्स’ हे गाणं होतं. आधीचे दोन आठवडे ती जागा डेट्रॉइटच्या ‘फोर टॉप्स’कडे होती आणि पुढच्याच आठवड्यात टीव्ही मालिकेसाठी जमवलेल्या ‘मंकीज’नी ती घेतली. मधला एकच आठवडा मिशिगनमधल्या पाच पोरांचा. त्यांच्या बँडचं नाव ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स’. त्यातलं ‘मिस्टेरियन्स’ त्यांनी एका जपानी विज्ञानपटावरून उचललं होतं. गायकाच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह असे.

रॉकच्या इतिहासात ही मुलं ‘वन हिट वंडर’ म्हणून नोंदली गेली. एकदा चमकले, दम संपला, विझले, असा त्याचा सूर असतो. मला तो अन्यायाचा वाटतो. त्यांचं पुढे काय झालं हे समजून घ्यायचं, तर आधी ती मुलं कुठून आली आणि मग त्यांच्या गाण्याची मूळ टेप कुठे गेली, हे बघावं लागतं.

ही मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांची पोरं. बीडकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात, तशी ही कुटुंबं टेक्सासहून उत्तरेला मिशिगनच्या सॅगिनॉ खोऱ्यातल्या शुगर बीटच्या शेतांवर कामाला येत. काही तिथेच राहिली. त्यांच्या घरात टेक्सास-मेक्सिकोच्या सीमेवरचं संगीत होतं आणि रेडिओवर रॉक अँड रोल. गायक रूडी मार्टिनेझ काळा चष्मा कधी उतरवत नसे. आपण मंगळावरून आलो आहोत आणि मागच्या जन्मी डायनोसॉरांबरोबर राहिलो आहोत, असं तो सांगायचा. पुढे त्याने कायद्याने आपलं नावच ‘?’ करून घेतलं. मजुराच्या मुलाला लोक एका नजरेत ओळखून मोकळे होतात. त्याने तशी संधीच कोणाला दिली नाही, आणि मला त्यात मोठी हिंमत दिसते.

१९६६ च्या वसंतात बे सिटीत एका घरगुती स्टुडिओत गाणं मुद्रित झालं. ते काढलं ‘पा-गो-गो’ या इवल्याशा कंपनीने. ती चालवणाऱ्या लिली गोन्झालेस याच बँडच्या मॅनेजर होत्या. जवळपास सगळं गाणं दोन कॉर्डवर हेलकावतं. त्यावर फ्रँक रॉड्रिगेझ या शाळकरी वयाच्या मुलाच्या छोट्या ऑर्गनची टोचणारी, पुन्हापुन्हा येणारी ओळ, आणि सोडून गेलेल्या मुलीला रडवण्याची भाषा करता करता स्वतःच रडणारा गायक. उस्तादी म्हणावं असं त्यात काही नाही. पण तो ऑर्गन एकदा कानात शिरला की निघत नाही. मिशिगनमधल्या स्थानिक रेडिओ केंद्रांनी गाणं उचलून धरलं. मग फिलाडेल्फियाच्या ‘कॅमिओ’ कंपनीने ते विकत घेऊन देशभर नेलं.

इथेच मेख होती. पुढचं गाणं ‘आय नीड समबडी’ २२ व्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे बँड काही एका गाण्यात संपला नव्हता. पण थोड्याच काळात कॅमिओ विकली गेली आणि तिच्या मास्टर टेप ॲलन क्लाइन या व्यवस्थापकाच्या हाती गेल्या. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सचे व्यवहार सांभाळणारा हाच तो क्लाइन. त्याच्या ‘ॲबको’ कंपनीने त्या टेप दशकानुदशकं कपाटात ठेवल्या. नवी पिढी रेकॉर्ड शोधायला दुकानात जाई, तेव्हा मूळ मुद्रण मिळतच नसे.

गाणं करणाऱ्याच्या हातून गाणंच निसटावं, असे व्यवहार त्या काळात सर्रास होत. ‘लुई लुई’ रचणाऱ्या रिचर्ड बेरीने १९५९ मध्ये लग्नाच्या खर्चासाठी त्या गाण्याचे हक्क ७५० डॉलरना विकले. १९६३ मध्ये ‘किंग्जमेन’ या बँडने ते देशभर गाजवलं, आणि बेरीला त्याच्या वाट्याचं मिळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

मिस्टेरियन्स विसरले मात्र गेले नाहीत. १९७१ मध्ये डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकात डेव्ह मार्शने त्यांच्याविषयी लिहिताना ‘पंक रॉक’ हे शब्द वापरले. ते छापात येण्याच्या अगदी सुरुवातीच्या वेळांपैकी ही एक. १९९० मध्ये इंग्लंडच्या ‘स्ट्रँगलर्स’नी ‘९६ टिअर्स’ पुन्हा गाजवलं. बँडने १९९७ मध्ये आपलीच जुनी गाणी नव्याने मुद्रित केली. १९६६ चं मूळ मुद्रण ॲबकोने सीडीवर आणलं ते २००५ मध्ये.