पहिल्याच्या खाली गिअर नाही

मिस्तरींनी खिशातून खडू काढला तेव्हा मला वाटलं, आता खर्चाचा हिशेब मांडणार. त्यांनी पिकअपच्या मागच्या टायरवर, रबर फरशीला टेकतं बरोबर तिथं एक रेघ मारली, तिच्याच खाली फरशीवर दुसरी मारली आणि दाजींच्या मुलाला म्हणाले, "ढकल. रेघ फिरून परत खाली आली की थांब." चाकाचा एक फेरा पुरा झाला, फरशीवर आणखी एक रेघ पडली. दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजलं. २ मीटर ११ सेंटिमीटर.

"हा तुमचा आत्ताचा टायर," ते म्हणाले. "आता स्टेपनी लावा त्याच जागी."

दिंडोरीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गॅरेज. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. टोमॅटोचा पहिला तोडा निघाला होता आणि पिंपळगाव बसवंतला माल नेणाऱ्या गाड्या संध्याकाळी रस्त्यानं एकामागे एक लागत होत्या. दाजींचं वावर ओहोळाच्या पलीकडं. काळी जमीन, वरून पाऊस. दोन आठवड्यांत गाडी तीनदा रुतली आणि तिन्ही वेळा शेजारचा ट्रॅक्टर बोलवावा लागला. तिसऱ्या वेळी दाजी म्हणाले, टायर मोठे टाकू. गावातल्या एकानं टाकलेत, गाडी कशी वाघासारखी उभी राहते. मुलगा तर त्याच्याही पुढं गेलेला. त्याला थेट एकतीस इंची पाहिजे होते, थारवाले टाकतात तसले. गाड्यांचं वेड या भागाला नवं नाही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ बनवणारा महिंद्राचा कारखाना इथून तासाभराच्या आत आहे, आणि त्यात काम केलेला एखादा माणूस जवळपास प्रत्येक गावात सापडतो. त्यामुळे सल्ल्याला तोटा नसतो.

स्टेपनी रस्त्याला कधी लागलीच नव्हती. तिच्या रबरावरचे केस अजून शाबूत होते. तिचा फेरा भरला २ मीटर १४. माप तेच, २१५/७५ आर १५, पण जुना टायर झिजून तीन सेंटिमीटर घटला होता. म्हणजे दाजींनी मोठा टायर न टाकता नुसता नवा टाकला असता, तरी चाक थोडं 'मोठं' झालंच असतं. मग मिस्तरींनी कोपऱ्यातून दुसऱ्या गाडीचे उतरवून ठेवलेले, डिस्कसकट असलेले २३५/७५ आर १५ आणले. त्यांचा फेरा २ मीटर २३.

टायरवरच्या या आकड्यांची उकल सोपी आहे, फक्त कोणी समजावून सांगत नाही. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ७५ म्हणजे उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे डिस्कचा व्यास, आणि तो मात्र इंचात. एकाच ओळीत दोन मापपद्धती नांदतात. हिशेब केला तर २१५ च्या टायरचा व्यास ७०३ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि २३५ चा ७३३. तीन सेंटिमीटर वाढले. पण गाडीचा धुरा चाकाच्या मधोमध असतो, म्हणून हाउसिंगच्या पोटाखाली जागा वाढली त्याच्या निम्मी. दीड सेंटिमीटर.

"दीडच?" दाजी म्हणाले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी समोर धरून तेवढं अंतर पाहिलं. ओहोळाकाठच्या चिखलात गाडी वीतभर खाली जाते.

मुलगा लगेच म्हणाला, "म्हणूनच एकतीस टाका म्हणतो." एकतीस इंची म्हणजे व्यास ७८७ मिलिमीटर. जागा वाढते ती सव्वाचार सेंटिमीटर. पण चाकाचा फेरा २ मीटर ४० च्या घरात जातो, सरळ बारा टक्के जास्त, आणि इथून पुढं प्रश्न टायरचा राहत नाही, तो मागच्या धुऱ्यातल्या क्राउन-पिनियन या दातेरी जोडीचा होतो.

मिस्तरींनी त्या जोडीचा हिशेब करून दाखवला. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक सोडला आणि मागचं एकच चाक जॅकवर घेतलं. प्रोपेलर शाफ्टला खडूची खूण केली. मुलगा चाक फिरवायला लागला, मी गाडीखाली आडवा होऊन शाफ्टचे फेरे मोजायला लागलो. एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की दुसरं दोनदा फिरवावं लागतं, तेव्हा क्राउन एकदा फिरतो. चाकाचे दोन फेरे पुरे झाले तेव्हा शाफ्ट साडेचारच्या किंचित पुढं गेला होता. "क्राउनला एक्केचाळीस दात, पिनियनला नऊ," मिस्तरी हाउसिंग न उघडता बोलले. ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६. इंजिनाकडून आलेली फिरकी इथं साडेचार पट सावकाश होते आणि तेवढीच जोरकस होऊन चाकाला मिळते.

चाक मोठं झालं की हा जोर जमिनीपर्यंत पोचताना कमी पडतो. लांब दांड्याच्या टोकाला वजन लटकवल्यासारखं. २३५ च्या टायरवर ४.५६ चा क्राउन ४.३७ असल्यासारखा वागतो, एकतीस इंचीवर ४.०७ असल्यासारखा. दात तेच, पण गाडीला वाटतं अर्धा गिअर वर टाकलाय. वेगात हे वाईट नसतं. या गाडीत चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात. ताशी ८० ला इंजिन नव्या २१५ वर मिनिटाला २,८४० च्या आसपास फेरे घेतं, २३५ वर २,७२५, एकतीस इंचीवर २,५३०. आवाज कमी, गाडी शांत. टायर बदलून हायवेला पहिली चक्कर मारणारा माणूस म्हणूनच खूश होऊन परततो. वर मीटर त्याला फसवतं ते वेगळंच. २३५ वर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढं असते, आणि शंभर किलोमीटरमागं चार किलोमीटर मीटरला दिसतच नाहीत. मग ॲव्हरेज पडलं म्हणून तक्रार येते. त्यातलं काही खरं पडलेलं असतं, काही नुसतं मोजलं गेलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती उतरवलेली चार चाकं लावून वावरात गेलो. पासष्ट कॅरेट, वीस किलोचं एक. रिकाम्या कॅरेटचं वजन कोणी धरत नाही, तेही चढतंच. चिखलात गाडी आधी रुतायची तशीच रुतली. टायर रुंद होते खरे, पण त्यांची नक्षी डांबरासाठीची. चिखल खाचांत बसला आणि चाक गुळगुळीत मडक्यासारखं फिरत राहिलं. ट्रॅक्टरनं ओढून काढल्यावर खरी परीक्षा पुढं होती. ओहोळातून रस्त्यावर येणारा मुरमाचा चढ, साधारण तीस-चाळीस पावलांचा. मधेच शेळ्या आल्या म्हणून दाजींना थांबावं लागलं. पुन्हा सुटताना त्यांनी पहिला टाकला, क्लच अर्धा सोडला. गाडी थरथरली, एक क्षण तिथंच थांबली, मग सरकली. वर आल्यावर केबिनमध्ये जळका वास भरला होता. दाजी काही बोलले नाहीत. खिडकीची काच मात्र पावसातही खाली केली.

मिस्तरींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "सापुताऱ्याच्या घाटात दम लागला तर काय करता?"

"तिसरा टाकतो. नाहीतर दुसरा."

"आणि पहिल्यात दम लागला तर?"

पहिल्याच्या खाली गिअर नाही. मोठ्या टायरचं सगळं गणित मला त्या एका प्रश्नात दिसलं. धावत्या गाडीत गेलेला जोर एक गिअर उतरून परत मिळवता येतो. उभी गाडी भरल्या मालासकट चढावर सोडायची तर उरतो फक्त क्लच, आणि तो स्वतः झिजून तेवढी तूट भरून काढतो. रिव्हर्सचंही तसंच. ज्याची गाडी दिवसभर पाचव्यात पळते त्यानं चार टक्क्यांची फिकीर करू नये. ज्याची गाडी रोज दहा वेळा चढावर पहिल्यातून सुटते त्याला तेच चार टक्के महाग पडतात.

मग क्राउन बदलायचा का? त्याच हाउसिंगमध्ये बसणारा ४१ दात आणि ८ दात असा सेट मिळतो, मिस्तरी म्हणाले. म्हणजे ५.१२. जोर साडेबारा टक्के वाढतो. एकतीस इंचीवर तो अगदी चपखल बसतो. ताशी ८० ला फेरे पुन्हा २,८४७, मीटरही जवळपास ताळ्यावर. मुलाचा चेहरा उजळला. २३५ बरोबर लावला तर उलट गरजेपेक्षा जास्त होतो. चढावर गाडी नवी असतानापेक्षाही सहज सुटेल, पण हायवेला इंजिन तीन हजाराच्या वर ओरडत राहील.

हा विचार काही आजचा नाही. गॅरेजच्या मागं एक जुनी जीप ताडपत्रीखाली उभी होती, तिच्यावरून मिस्तरींनी विषय काढला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा क्राउन ४.८८ चा होता. युद्ध संपलं, १९४५ मध्ये तीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली, तेव्हा कंपनीनं तो ५.३८ केला. नांगर ओढायला वेग नको होता. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात मोठे टायर टाकणारे लोक क्राउन बदलून घेतात, त्यासाठी वेगळी दुकानं आहेत. आपल्याकडं टायर बदलतात आणि क्लचप्लेट बदलत राहतात.

क्राउन-पिनियन बसवणं काय असतं ते त्याच दुपारी बघायला मिळालं. बाकावर दुसऱ्याच एका गाडीचं हाउसिंग उघडं होतं. नवा सेट जोडीनंच येतो, कारखान्यात दोन्हींचे दात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एका सेटचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनला दिला की आयुष्यभर भांडण. मिस्तरींनी वाटीत शेंदूर तेलात कालवला आणि बोटानं क्राउनच्या चार-पाच दातांना लावला. मी जरा चमकलो. मारुतीचा शेंदूर इथं! मग पिनियन हातानं फिरवला, एका हातानं क्राउनला थोडा अडसर देत. शेंदरावर पिनियनच्या दाताचा ठसा उमटला. तो दाताच्या बाहेरच्या टोकाकडं सरकलेला होता. त्यांनी सगळं पुन्हा खोललं, पिनियनच्या मागं पातळ शिम टाकली, पुन्हा बसवलं, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. चौथ्या वेळी तो दाताच्या मधोमध, थोडा आतल्या अंगाला आला. दोन दातांमधली मोकळीक त्यांनी आधी क्राउन हलवून कानानं ऐकली आणि मग डायल गेजनं तपासली. मिलिमीटरच्या पंधरा-वीस शतांशाएवढी. ती कमी ठेवली की दात तापतात, जास्त ठेवली की ताशी साठला हाउसिंग रडायला लागतं. या कामाला त्यांचा अख्खा दिवस जातो आणि त्यातला बराचसा खोलण्यात जातो.

दिवसभराची मजुरी, सेट, बेअरिंग, ऑईल सील, वर रुंद डिस्क, कारण २३५ ला किमान सहा इंची डिस्क लागते आणि दाजींची साडेपाचची होती. दाजींनी हे सगळं ऐकून घेतलं. नको म्हणायला त्यांना आणखी एक कारण मीच दिलं. वजनकाट्यावर भरल्या गाडीची फक्त मागची चाकं घेतली होती, १,९८० किलो भरले. उतरवलेल्या त्या रुबाबदार टायरांवर आकडा होता १०५. त्याचा अर्थ एका टायरला ९२५ किलो, दोघांना मिळून १,८५०. दिसायला दांडगे, पण माणसं वाहणाऱ्या गाडीचे. माल वाहायचा तर त्याच मापात ११० आकड्याचा हवा, तो १,०६० किलो पेलतो.

एकतीस इंचीचा विषय आरटीओनं मिटवला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी, आणि मडगार्डबाहेर डोकावणारं चाक लपवता येत नाही. मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

शेवटी ठरलं ते त्याच मापाचं. पुढं रिब, मागं खोल नक्षीचे लग, मालवाहू दर्जाचे, २१५/७५ आर १५. आणि ओहोळाकाठी दोन ट्रॉल्या मुरूम. मुरूम टाकायचं दाजी गेली तीन वर्षं म्हणत होते.

नवे टायर चढले तेव्हा मुलानं स्वतःहून खडू घेतला. रेघ मारली, गाडी ढकलली, टेप धरली. २ मीटर १५.

"स्टेपनीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त भरलं," दाजी म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

"हवा जास्त झालीय," मिस्तरी म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी व्हॉल्व्ह दाबला.